दुसरं पान पांढरं

मंगळवार, ८ जानेवारी २००८, बॉन

पुन्हा तेच! तिसरी खेपही गेली.

नाताळच्या सुट्टीनंतर आज कामरचं – संस्थेच्या तळघरातल्या, रोपं वाढवायच्या बंद खोलीचं – दार उघडलं आणि उंबऱ्यातूनच कळलं. वरची पानं हिरवी दिसलीच नाहीत. बीजपत्रं ठणठणीत. खऱ्या पानांची पहिली जोडी बरी. आणि दुसरी जोडी – देठाकडून पांढरी! टोकं तेवढी हिरवी राहिलेली. त्यानंतर वाढ बंद. पटकन मरतही नाहीत, रुसल्यासारखी नुसती उभी राहतात.

प्रोफेसर लिंडेनबर्ग खाली तळघरात आले, चष्मा कपाळावर ढकलला, एक रोप उचललं. "फ्राऊ नाडगौडा, तुम्ही पाणी फार घालता."

मी म्हटलं, दोन आठवडे मी इथे नव्हतेच. पाणी हेर ब्रून्सनी घातलं. ब्रून्स आमचे तंत्रज्ञ, मापाने घालतात.

"पण वेळापत्रक तुमचंच होतं ना?"

गेनाऊ, अगदी बरोबर – वेळापत्रक माझंच.

मुदत दिली – ईस्टरपर्यंत. तोवर निरोगी रोपं उभी राहिली नाहीत तर कामाचा हा भाग दुसऱ्या शहरातल्या संस्थेकडे जाणार. आणि 'हा भाग' म्हणजे मीच की! थंडी सोसणाऱ्या जाती निवडायच्या हा माझा डॉक्टरेटचा विषय. इथे उबेतच रोप जगत नाही, थंडी लावू कुणाला? मे महिन्यात माझा करार संपतो. व्हिसा त्यावरच आहे.

ठीक आहे. कारण आहे म्हणजे सापडणार. मला सापडणार.

बुधवार, ९ जानेवारी

नवऱ्याला – देवला – सांगितलं. तो म्हणाला, "वाईटात वाईट काय होईल, ईश्वरी? वर्षभर घरी राहशील. माझ्या व्हिसावर राहता येतंच की." त्याला वाटलं धीर दिला! मी ताटातली पोळी संपवली आणि उठले.

आई आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. (सासूबाई डिसेंबरात आल्यात, मार्चपर्यंत आहेत.)

"कसली झाडं गं गेली तुझी?"

"धाग्याची, आई."

"कापूस का?"

"तसंच काहीतरी."

देव ताकाच्या वाटीत तोंड घालून हसत होता. मेला!

आता साताऱ्याच्या निवृत्त मुख्याध्यापिकेला कसं सांगायचं, की सून हान्फ लावते, आणि हान्फ म्हणजे आपल्याकडचं गांजाचंच झाड? नशा नसलेली जात आहे. धागा निघतो, त्याची गाड्यांच्या दारांची आतली अस्तरं बनतात. सरकारी परवाना आहे. सगळं खरं आहे. पण 'गांजा' शब्द एकदा कानावर पडला की पुढचं कुणाला ऐकू येतं?

गुरुवार, १० जानेवारी

आज पाच-सहा रोपं मुळासकट काढून नळाखाली धुतली. वरून आजारी रोप म्हणजे खाली काहीतरी कुजलं असणार, असं सगळे म्हणतात. बघू तर खरं.

मुळं पांढरीशुभ्र! केसांसारखी, भरगच्च. कुठे वास नाही, चिकटपणा नाही. पाणी जास्त झालं असतं तर ही मुळं तपकिरी, गिळगिळीत लागली असती. बाबांच्या रोपवाटिकेत मी लहानपणापासून वांग्या-मिरचीची रोपं उपटून बघत आले आहे. एवढं तर मला कळतं.

मुळं पेपर टॉवेलवर ठेवून प्रोफेसरांकडे नेली. ते म्हणाले, "हं."

शुक्रवार, ११ जानेवारी

पाणी तपासलं. बॉनचं पाणी धरणातलं, मऊ. घरच्या किटलीत पांढरा थर बसत नाही, तिथेच कळायला हवं होतं. मातीचा सामूही नीट. खत निम्मं करून एक ट्रे लावला होता, खत अजिबात न घालता दुसरा. दोन्ही सारखेच पांढरे! म्हणजे खत नाही.

दिवे? रोपांची उंची काही ताणलेली नाही, म्हणजे उजेड कमी नाही. जास्त असेल? दिवे वर घेतले. बघू.

नवीन पान पांढरं म्हटलं की पुस्तकात पहिलं नाव लोहाचं. लोह दिलं आज. पानांवरही फवारलं.

सोमवार, १४ जानेवारी

सापडलं!!

चिलटं! मातीवर बारीक काळी चिलटं भुरुभुरु उडत होती. मी वाकून कुंडीला टिचकी मारली तर तीन-चार उठली. ट्राउअरम्यूकं म्हणतात जर्मनमध्ये – म्हणजे 'शोकाची माशी'! काय नाव ठेवतात लोक! यांच्या अळ्या ओल्या मातीत राहतात आणि कोवळी मुळं खातात. मुळं मला पूर्ण दिसत होती तरी बारीक टोकं खाल्लेली असणार.

पिवळे चिकट कागद लावले. मातीवर वाळूचा थर दिला. पाणी खालून, ताटलीतून. ब्रून्सना म्हटलं, बघाच आता. ते म्हणाले, "ना या." त्यांच्या 'ना या'चे वीस अर्थ होतात. यातला एकही होकार नाही.

मंगळवार, १५ जानेवारी

संक्रांत. आईंनी लाडू केले. मी ब्रून्सना आणि प्रोफेसरांना नेऊन दिले – गोड बोला म्हणून. प्रोफेसरांनी विचारलं, "यात काय आहे?" तीळ म्हटल्यावर हुश्श झालं त्यांना! आमच्या खोलीत काय वाढतं हे माहीत असलेला माणूस लाडूही विचारून खातो.

शनिवार, १९ जानेवारी

नाही सापडलं.

चिलटं गेली. कागद काळेकुट्ट झाले. याच खेपेत मागून उगवलेल्या रोपांची दुसरी जोडी मात्र आज सकाळी – पांढरी. लोहाचा ट्रेही पांढरा. दिवे वर केलेला ट्रेही पांढरा.

सगळं एकसारखं पांढरं. पाणी कमी, पाणी जास्त, खत आहे, खत नाही. जो येतो तो पांढरा पडतो. ट्रामची वाट बघताना हेच डोक्यात. मी काहीही केलं तरी फरक पडत नाही, याचा अर्थ मी जे बदलतेय त्यात ते नाहीच! हे वाईट वाटायला हवं होतं. उलट बरं वाटलं. निम्म्या गोष्टी खोडून झाल्या.

रविवार, २० जानेवारी

खरं तर सोपी परीक्षा आहे. दोन कुंड्या उचलायच्या, घरी खिडकीत ठेवायच्या. घरी हिरवी राहिली तर दोष कामरचा. कुठलाही माळी हेच करेल. पण मला करता येत नाही! परवाना त्या एका खोलीपुरता. रोप दाराबाहेर नेलं की नशा असो नसो, मी गुन्हेगार. संस्थेच्याच वरच्या मजल्यावरही नेता येत नाही.

दुपारी आई स्वयंपाकघरात होत्या. तेल तापलं, मोहरी तडतडली. आणि मी भांडं पुसत होते ते तशीच उभी राहिले. हान्फ बाहेर नेता येत नाही – पण बाहेरचं काही आत नेता येतं की!

"आई, मोहरी किती आहे घरात?"

"डबा भरून आहे. का गं?"

"पेरायचीये."

"पेर बाई," आई म्हणाल्या. "निदान ती तरी उगवेल."

त्यांनी चेष्टेत म्हटलं. पण मोहरी दोन-तीन दिवसांत उगवते, भराभर पानं काढते. तीन कुंड्या, एकच माती, एकच पाणी. एक कामरमध्ये, एक ब्रून्सच्या ऑफिसच्या खिडकीत, एक आमच्या स्वयंपाकघरात. ही हुशारी पंधरा दिवस आधी का नाही सुचली!

गुरुवार, २४ जानेवारी

मोहरी तिन्हीकडे उगवली. अजून तिन्ही हिरव्या. हान्फची चौथी खेपही पेरली.

कॉफीच्या वेळी ब्रून्स म्हणाले, "हेर निहारचीही अशीच दिसत."

मी कप खाली ठेवला. काय??

निहार म्हणजे माझ्याआधीचा. नागपूरचा. २००६ मध्ये डॉक्टरेट अर्धी टाकून परत गेला. मी इथे आले तेव्हा एवढंच कळलं होतं, की त्याला काही जमलं नाही, रोपंच वाढवता आली नाहीत. खरं सांगायचं तर मी मनात म्हटलं होतं – असेल निष्काळजी. मी नाही तशी.

ब्रून्सना विचारलं, मग तेव्हाच कामर का नाही तपासली? म्हणाले, तपासली. त्याच कामरमध्ये पलीकडच्या बाकावर बार्ली होती, ती झकास वाढत होती. मग कामरला नावं कोण ठेवणार? नवीन होती. त्याच वर्षी सगळी दुरुस्ती झाली होती – दारं, पाइप, सगळं नवं.

प्रोफेसर शेजारच्या टेबलावर होते. त्यांनी ऐकलं असावं. जाता जाता म्हणाले, "दोघंही गरम देशातले. पाण्याचा हात सैल असतो." हसून म्हणाले. मीही हसले. नंतर बाथरूममध्ये जाऊन आरशाला एक मराठी शिवी दिली.

शनिवार, २६ जानेवारी

आज फुटलंच.

कोलोनला मंडळाचं हळदीकुंकू. आई नवी पैठणी नेसून आल्या होत्या. चहाच्या वेळी यमुनाताई – या पंचवीस वर्षं इकडे आहेत, सगळ्यांना ओळखतात – आईंच्या शेजारी बसून मोठ्याने म्हणाल्या, "काय मग स्नेहलताताई, तुमची सून म्हणे गांजा लावते!" सगळ्या हसल्या. आईही हसल्या. बॉन येईपर्यंत गाडीत मी आणि देव पुढे बघत बसलो.

घरी आल्यावर पैठणी बदलून, घडी घालून, मग बाहेर आल्या. "खरं सांग."

सांगितलं. सगळं. धागा, गाड्यांची दारं, परवाना, नशा नाही ते. प्रोफेसर काय म्हणतात. ईस्टर. करार. निहारसुद्धा.

आई म्हणाल्या, "म्हणजे तागासारखं. मग ताग म्हणायचं ना लोकांना."

"ताग वेगळा, आई. हे गांजाचंच झाड आहे. नशा नसलेलं, पण तेच."

"आणि तू ते मला इतके दिवस कापूस म्हणून सांगितलंस."

"तसंच काहीतरी म्हटलं होतं."

"ते मला कळलं होतं तेव्हाच. कापसाला कुणी तळघरात लावतं का?" मग, "तो माणूस तुला खरंच म्हणाला, पाण्याचा हात सैल?"

"हो."

"मग शोधून काढ. आणि दाखव त्याला." एवढं म्हणून झोपायला गेल्या.

देव म्हणाला, "आई तुझ्या बाजूला आहे हे काही अजून मला झेपलेलं नाही." मला झेपलंय!

गुरुवार, ३१ जानेवारी

बायकांचा कार्निव्हल. ट्राममध्ये सकाळपासून बायका कात्र्या घेऊन. दिसेल त्या पुरुषाची टाय कापतात, इकडची रीत. ब्रून्स मुद्दाम जुनी टाय घालून आले होते. कापली.

त्या कात्रीसकट तळघरात गेले आणि मोहरी बघितली.

कामरमधली मोहरी – पांढरी. नुसती पांढरी नाही, पानं वाटीसारखी वळलेली. ब्रून्सच्या खिडकीतली हिरवीगार. घरची तर काय, आईंनी कालच विचारलं खुडू का म्हणून!

तीच माती, तेच पाणी, मीच घातलेलं. पाण्याचा हात सैल असता तर तिन्ही गेल्या असत्या.

माती नाही. पाणी नाही. मी नाही. निहारही नाही! कामर. आणि कामरमध्ये उरलं काय? हवा.

ब्रून्सना ओढत खाली आणलं. त्यांनी मोहरीच्या दोन्ही कुंड्या शेजारी धरल्या, पानं उलटून बघितली. मग म्हणाले, "आल्झो." हा होकार होता!

शुक्रवार, १ फेब्रुवारी

बार्लीचं कोडं राहिलं होतं – बार्ली का वाढते मग? आज वाचनालयात दिवसभर. जुन्या काचघरांच्या तक्रारी सापडल्या, तीस वर्षांपूर्वीच्या. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात एक द्रव्य घालतात. ते हळूहळू हवेत उडतं. बंद जागेत साठतं. कोबी-मोहरीच्या कुळाला फार बाधतं, पानं पांढरी पडतात. गवताच्या कुळाला जवळजवळ काहीच होत नाही. आणि बार्ली म्हणजे गवतच!

हान्फबद्दल कुणी काही लिहिलेलं नाही. बरंच आहे. मी लिहीन.

रोझनमोंटाग, सोमवार, ४ फेब्रुवारी

अख्खं शहर रस्त्यावर. देव आणि आई कार्निव्हलची मिरवणूक बघायला गेले. मी संस्थेत. चिटपाखरू नाही.

कामरला बाहेरची ताजी हवा आत घेणारी झडप आहे. दुरुस्ती झाल्यापासून ती बंद असते. हिवाळ्यात थंड हवा तापवायला वीज फार लागते, म्हणून प्रोफेसरांचा नियम. तीच ती हवा आतल्या आत फिरत राहते.

झडपेची किल्ली ब्रून्सकडे. शुक्रवारी संध्याकाळी मागितली होती. ते म्हणाले, "मला काही माहीत नाही," आणि किल्ली टेबलावर ठेवून पाठ फिरवून उभे राहिले!

उघडली झडप. पूर्ण. थंड हवेचा झोत तोंडावर आला, छान वाटलं. दारावर चिठ्ठी लावली: 'झडप मी उघडली आहे. बंद करू नये. ई. नाडगौडा.' लपवायचं कशाला?

आई मिरवणुकीतून पिशवी भरून चॉकलेटं घेऊन आल्या. रथावरून फेकतात ती. "पुढच्या रांगेत उभी होते मी," म्हणाल्या. साताऱ्यापर्यंत पुरतील एवढी आहेत.

बुधवार, ६ फेब्रुवारी

प्रोफेसर चिडले. चिठ्ठी हातात घेऊन आले माझ्या खोलीत. "हे न विचारता?" मी म्हटलं, सुट्टी होती, विचारायला कुणी नव्हतं. "कामर दोन अंशांनी थंड झालीये!" मी म्हटलं, माझा विषय थंडी सोसण्याचाच आहे. चूक झाली, हे बोलायला नको होतं! पण मग मोहरीच्या कुंड्या त्यांच्यासमोर ठेवल्या. शेजारी शेजारी.

ते बघत राहिले. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "एक आठवडा. मग झडप बंद."

एक आठवडा पुरे आहे मला.

सोमवार, ११ फेब्रुवारी

बघवत नाही इतकं सुंदर. नाही, चुकलं – बघत राहावंसं. चौथ्या खेपेची दुसरी जोडी आलीये. हिरवी. देठापासून टोकापर्यंत हिरवी, कातरलेल्या कडा नीट, हाताच्या बोटांसारखी पसरलेली. ब्रून्स खाली आले, टोपी काढली आणि परत घातली.

आईंना फोन केला. "आली का?" – "आली!" – "हिरवी?" – "हिरवी!" – "मग लवकर ये घरी, शिरा करते."

बुधवार, १३ फेब्रुवारी

प्रोफेसर म्हणतात, हवा बदलल्याने बरं वाटलं, ठीक. पण हवेत काय आहे ते कुठे सिद्ध झालं? थंडीमुळेही फरक पडला असेल. बरोबर आहे, मान्य. झडप मात्र बंद करा म्हणाले नाहीत.

दुरुस्तीत नवीन काय काय बसवलं? ब्रून्सनी दाखवलं. दाराची काळी रबरी पट्टी. आणि छताखालून फिरणारी पारदर्शक मऊ नळी, ओलाव्यासाठी. दोन्हींचे तुकडे उरलेले होते, कोठीत. मागून घेतले.

मुरंब्याच्या तीन रिकाम्या बरण्या. प्रत्येकीत मोहरीची रोपं. एकीत पट्टीचा तुकडा, एकीत नळीचा, एक तशीच. झाकणं घट्ट. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत. मोहरीला परवाना लागत नाही!

आईंना सांगितलं, झाकण उघडायचं नाही. "माझ्या हाताखालून चाळीस वर्षं पोरं गेली," म्हणाल्या, "मला सूचना देऊ नकोस."

मंगळवार, १९ फेब्रुवारी

काहीच नाही. तिन्ही हिरव्या.

बुधवार, २० फेब्रुवारी

तिन्ही हिरव्या. माझी खात्री आहे. माझी खात्री आहे.

शनिवार, २३ फेब्रुवारी

मी ट्रे धूत होते, फोन वाजला. आई. इतक्या जोरात की ब्रून्सनाही ऐकू गेलं –

"ईश्वरी, मधली पांढरी पडली गं! मधली! नळीवाली!"

"आणि पट्टीवाली?"

"हिरवी. तिसरीपण हिरवी. तू ये, तू बघ, मी काही हात लावत नाही."

मी हात पुसायचे विसरले. तशीच ट्रामने गेले. मधली बरणी. नव्या पानांना देठाकडून पांढरं. अगदी तसंच, जसं तळघरात. देवने फोटो काढले. आई बरणीकडे बघून म्हणाल्या, "एवढीशी नळी. आणि एका मुलाचं करिअर घेऊन गेली."

मी निहारबद्दल विचारच केला नव्हता आज. आईंनी केला.

मंगळवार, ४ मार्च

प्रोफेसरांच्या खोलीत. बरण्या, फोटो, चौथी आणि पाचवी खेप, दोन्ही हिरव्या. नळ्या काढायला कालच सुरुवात झाली. बदली पाइप तांब्याचे.

प्रोफेसर फार खूश. खुर्चीतून उठून हात मिळवला. "फ्राऊ नाडगौडा, उत्कृष्ट काम." करार वाढवण्याचं पत्र स्वतःच टाईप करतो म्हणाले. आणि हे छापू या, लगेच – आधी त्यांचं नाव, मग माझं.

मी म्हटलं, निहारचं नावही हवं. हान्फ कामरमध्ये पांढरा पडतो हे पहिल्यांदा त्याच्याच खेपांत दिसलं. त्याच्या नोंदींशिवाय माझ्या नोंदी अर्ध्या आहेत.

ते म्हणाले, "त्याची काय गरज? त्या वेळी हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं."

"त्याला निदान कळायला तर हवं, की त्याची चूक नव्हती."

"हो, हो. जरूर कळवा." आणि घड्याळाकडे बघितलं.

ब्रून्सकडून निहारचा ईमेल घेतला. लिहिला.

रविवार, ९ मार्च

आईंना फ्रँकफर्टला सोडलं. विमानतळावर चेक-इनच्या रांगेत उभ्या असताना मागच्या पुण्याच्या बाईंना सांगत होत्या, "माझी सून गांजावर संशोधन करते. धाग्याच्या. नशा नसते त्याला." त्या बाईंनी बॅग जरा बाजूला ओढली. आईंनी लक्षच दिलं नाही.

मला जवळ घेतलं. एरवी घेत नाहीत.

मंगळवार, ११ मार्च

निहारचं उत्तर. एक ओळ आणि फोन नंबर. जालन्याला आहे, बियाण्यांच्या कंपनीत.

बुधवार, १२ मार्च

निहारशी बोलले. सगळं सांगितलं. मोहरी, झडप, नळी, बरण्या. तो शांतपणे ऐकत होता. मला वाटलं, आता आनंदाने ओरडेल.

तो म्हणाला, "तू मोहरी घेतलीस? मी कोबी घेतला होता. बाकी तसंच. बरण्या प्रोफेसरांच्या टेबलावर ठेवल्या होत्या मी. ते म्हणाले, कामर नवीन आहे, बार्लीला काही होत नाही, तुम्ही घरी जा."

पेपरवर पहिलं नाव निहारचं. उद्या सकाळी जाऊन सांगणार आहे. विचारणार नाही.